कार्यपद्धतीचे निवेदन आणि स्वभावाचा प्रश्न

स्वतंत्रपणे व्यवसाय करणारे वास्तुविशारद, अनुवादक, संपादक किंवा सल्लागार नवे काम हाती घेण्यापूर्वी ग्राहकाला आणि सहकाऱ्यांना आपल्या कामाची पद्धत समजावून सांगतात, आणि अलीकडे तर अशा निवेदनाचा एक-दोन पानांचा मसुदाच पुष्कळांकडे तयार असतो. त्यात निरनिराळ्या जातीची वाक्ये शेजारी शेजारी नांदत असतात. एखादा ग्रंथसंपादक लिहितो की तिसरे प्रूफ स्वतः वाचल्याशिवाय तो पुस्तक छपाईला सोडत नाही, तोंडी ठरलेला बदल लेखी आल्याखेरीज धरत नाही, दुपारच्या आत फोन घेत नाही आणि घाईच्या कामात त्याचे मन लागत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ही चारही वाक्ये एकाच साच्यातली आहेत. कर्ता तोच, काळ तोच, नकारही तोच. तरीही त्यांच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो व्यवहाराचा नसून तत्त्वज्ञानाचा आहे: मनुष्य जेव्हा आपली पद्धत दुसऱ्याला सांगतो, तेव्हा तो स्वतःविषयीची एक वस्तुस्थिती कळवतो, की स्वतःवर एक बंधन घेतो?

हा फरक केवळ शब्दांचा नाही, कारण दोन्ही पक्षी जबाबदारी वेगवेगळ्या माणसावर जाऊन पडते. निवेदन हे वस्तुस्थितीचे वर्णन असेल, तर ते खरे किंवा खोटे ठरते, आणि एकदा ते खरे ठरले की पुढच्या सगळ्या अडचणींचा भार ऐकणाऱ्याच्या माथी येतो. 'आधीच सांगितले होते' एवढे म्हणून सांगणारा मोकळा होतो. निवेदन हे व्रत असेल, म्हणजे एखाद्या हेतूसाठी जाणूनबुजून पत्करलेला नियम असेल, तर ते खरे किंवा खोटे ठरत नाही. ते पाळले जाते किंवा मोडले जाते, आणि ते मोडल्याचा दोष सांगणाऱ्याकडेच राहतो. कार्यपद्धतीच्या निवेदनाला नैतिक मोल येते ते या दुसऱ्या अर्थाने, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. आणि त्यासाठी आधार घ्यावयाचा आहे तो एकत्र काम करणाऱ्या माणसांविषयी भारतीय परंपरेत झालेल्या अतिशय बारकाईच्या विचाराचा.

'स्वभावच तसा' या युक्तिवादाला सर्वांत भक्कम आधार वरकरणी गीतेतच सापडतो. तिसऱ्या अध्यायाचा तेहतिसावा श्लोक सांगतो की ज्ञानी मनुष्यसुद्धा आपल्या प्रकृतीला अनुसरूनच वागतो आणि नुसत्या निग्रहाने काही साधत नाही. अठराव्या अध्यायात तर स्वभावाने नेमून दिलेले कर्म सदोष असले तरी सोडू नये असे म्हटले आहे. प्रकृती म्हणजे येथे पूर्वकर्मांच्या संस्कारांतून घडलेला, वर्तमान जन्मात प्रकट होणारा मनाचा कल. श्लोक एवढ्यावर सोडून दिला, तर कामाच्या पद्धतीचे निवेदन हे फक्त एका घडून गेलेल्या गोष्टीची सूचना ठरते, आणि ग्राहकाने ती निमूटपणे मान्य करावी किंवा दुसरीकडे जावे, एवढेच उरते. परंतु शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात पुढच्या श्लोकाकडे वळताना नेमकी हीच शंका उभी केली आहे. प्रत्येक प्राणी जर आपल्या प्रकृतीनेच चालत असेल, आणि प्रकृती नसलेला कोणी नसेल, तर पुरुषप्रयत्नाला वाव राहात नाही आणि विधिनिषेध सांगणारे शास्त्र निरर्थक होते, अशी ती शंका आहे. तिचे उत्तर त्यांना चौतिसाव्या श्लोकात दिसते: प्रकृती माणसाला थेट ओढत नाही, ती राग आणि द्वेष, म्हणजे आवड आणि नावड, यांच्या द्वारे ओढते, आणि जो या दोघांच्या आरंभीच सावध होतो त्याची दृष्टी प्रकृतीच्या अधीन न राहता शास्त्राकडे वळते.

या उत्तराचे महत्त्व असे की ते स्वभाव नाकारत नाही. काहींना पहाटेच्या शांततेत सुचते, काहींना माणसांच्या गराड्यात. काहींचा हात जलद चालतो, काहींना एकेका ओळीपाशी थांबावे लागते. हे भेद खरे आहेत आणि ते मिटवण्याचा उपदेश गीता करीत नाही. शंकराचार्य दाखवतात ते एवढेच की स्वभाव आणि कृती यांच्यामध्ये एक दार आहे, आणि त्या दाराशी माणूस उभा राहू शकतो. वर उल्लेखिलेल्या संपादकाच्या चार वाक्यांपैकी शेवटचे, घाईच्या कामात मन न लागण्याचे, हे उघडपणे द्वेषाचे, म्हणजे नावडीचे वाक्य आहे, आणि ते त्याने खुशाल सांगावे. फक्त त्याला पद्धतीचा दर्जा देता येत नाही. ज्या निवेदनांत आवडीनिवडीच पद्धतीच्या वेषात सांगितलेल्या असतात, ती ऐकताना समोरच्या माणसाला काही खटकते पण नेमके काय ते सांगता येत नाही, याचे कारण बहुधा येथे आहे.

मग पद्धत कशाला म्हणावे, याचा शोध घेण्यासाठी यज्ञसंस्थेकडे वळणे सोयीचे ठरते. आजच्या व्यावसायिकाचा विचार करताना श्रौत यज्ञाचा दाखला काढणे कोणाला ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. पण हा संबंध जोडण्याचे काम धर्मशास्त्राने स्वतःच केलेले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात 'संभूयसमुत्थान' नावाचे एक व्यवहारपद, म्हणजे न्यायालयात निर्णयासाठी येणाऱ्या वादांचा एक वर्ग, सांगितला आहे. अनेकांनी मिळून अंगावर घेतलेले काम आणि त्याच्या मोबदल्याची वाटणी हा त्याचा विषय आहे. तेथे आरंभीचे उदाहरण ऋत्विजांचे, म्हणजे यज्ञकर्म करणाऱ्या पुरोहितांचे, आहे: काम अर्धवट सोडणाऱ्याला किती वाटा द्यावा, दक्षिणा मिळाल्यानंतर सोडले तर काय करावे, हे ठरवून झाल्यावर मनु म्हणतो की एकत्र येऊन कोणतेही काम करणाऱ्या माणसांना हाच न्याय लावावा. यज्ञाच्या वेदीभोवतीचे संबंध हे सर्व सामायिक कामांचा नमुना मानले गेले होते. पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात अग्निष्टोम या सोमयागाचे जे सविस्तर वर्णन आहे, ते या दृष्टीने वाचले तर एका गुंतागुंतीच्या सामूहिक कामाचे वर्णन म्हणूनही वाचता येते.

यज्ञ ज्याच्यासाठी केला जातो आणि जो खर्च सोसतो तो यजमान. जे प्रत्यक्ष कर्म करतात ते ऋत्विज. सोमयागात त्यांची संख्या १६ असते: होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा हे चार प्रमुख आणि प्रत्येकाचे तीन सहायक. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू हाताने कर्म करतो, उद्गाता साम गातो, ब्रह्मा सर्वांवर लक्ष ठेवतो. यजमान त्यांना निवडतो, या विधीला वरण म्हणतात. परंतु निवड एकतर्फी नसते, हे आश्वलायन गृह्यसूत्राच्या पहिल्या अध्यायातील तेविसाव्या कंडिकेवरून कळते. सोमयागाचे आमंत्रण घेऊन येणाऱ्या दूताला, ज्याला सोमप्रवाक म्हणतात, ऋत्विजाने आधी तीन गोष्टी विचाराव्यात असे तेथे सांगितले आहे: यज्ञ कोणता, बरोबरचे ऋत्विज कोण, दक्षिणा कोणती. उत्तरे समाधानकारक असतील तरच काम पत्करावे. त्याच ठिकाणी आणखी एक नियम आहे, की दुसऱ्या ऋत्विजाने मध्येच टाकून दिलेले ऋत्विजकर्म उचलू नये. आणि पुढे असाही, की काम स्वीकारल्यापासून ते पूर्ण होईपर्यंत ऋत्विजाने मांसाहार आणि स्त्रीसंग वर्ज्य करावा.

या छोट्या कंडिकेत जो क्रम आहे तो लक्ष देऊन पाहण्याजोगा आहे. ऋत्विज स्वतःविषयी बोलण्याआधी कामाविषयी विचारतो, मग सहकाऱ्यांविषयी, मग मोबदल्याविषयी. मोबदल्याचा प्रश्न विचारण्यात त्याला संकोच नाही, पण तो पहिलाही नाही. आणि स्वतःवर जे नियम तो घेतो, ते त्याच्या स्वभावाचे नियम नाहीत. ते काम संपेपर्यंतचेच आहेत. एरवी तो मांस खाणारा गृहस्थ असेलही. कामाच्या आरंभी ते बंधन अंगावर येते आणि कामाच्या समाप्तीला उतरते. आजच्या निवेदनांत 'मी' या शब्दाची जी रेलचेल दिसते ती येथे नाही, आणि तरीही येथे सांगणाऱ्याने स्वतःला अधिक घट्ट बांधून घेतलेले आहे.

ऋत्विजाचे आणि यजमानाचे नियम नेमके कशासाठी, हा प्रश्न पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे नियम सिद्ध करणाऱ्या दर्शनाने, फार खोलवर नेला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध करून या दर्शनाचे अवघे भांडार अभ्यासकांपुढे ठेवले; त्यातील ज्या एका भेदाचा येथे उपयोग आहे तो 'क्रत्वर्थ' आणि 'पुरुषार्थ' यांचा. क्रतू म्हणजे यज्ञ. जी गोष्ट नसेल तर यज्ञच विकल होतो ती क्रत्वर्थ, आणि जी यज्ञाच्या पूर्ततेसाठी नसून माणसाच्या स्वतःच्या इच्छित फलासाठी असते ती पुरुषार्थ. (मोक्षादी चार पुरुषार्थांशी या पारिभाषिक शब्दाची गल्लत करू नये.) जैमिनीच्या सूत्रांचा चौथा अध्याय प्रामुख्याने याच विवेकाला वाहिलेला आहे, आणि त्यातले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या इष्टीत, म्हणजे दर्शपूर्णमासांत, पाणी विधिपूर्वक आणावे लागते आणि ते चमस नावाच्या लाकडी पात्राने आणावे असे विधान आहे. मात्र ज्या यजमानाला पशुधनाची इच्छा असेल त्याच्यासाठी ते गोदोहनाने, म्हणजे गाय दोहण्याच्या भांड्याने, आणावे असे सांगितले आहे. मीमांसकांचा निर्णय असा की पाणी आणणे हे यज्ञासाठी आहे, पण भांडे बदलणे हे यजमानासाठी आहे. गोदोहन नसले म्हणून यज्ञ अपुरा राहात नाही. उलट, यज्ञ चालू नसताना कोणी नुसते गोदोहन घेऊन पाणी आणत बसला, तर त्याला पशू मिळत नाहीत. यजमानाची इच्छा यज्ञाच्या आधारानेच फळते.

कार्यपद्धतीच्या निवेदनाला लावण्यासाठी याहून धारदार कसोटी मिळणे कठीण आहे. संपादकाने तिसरे प्रूफ स्वतः वाचणे हे क्रत्वर्थ आहे, कारण ते टाळले तर पुस्तकात अशुद्धे राहतात आणि काम काम म्हणून उणे पडते. ते त्याला आवडते की नाही हा प्रश्नच तेथे येत नाही, आणि म्हणून ग्राहकाने कितीही गळ घातली तरी ते सोडण्याचा अधिकार त्यालाही नाही आणि ग्राहकालाही नाही. तोंडी बदल लेखी मागवणे हेही क्रत्वर्थ आहे. दुपारच्या आत फोन न घेणे मात्र तपासून पाहावे लागते. सकाळचे तास मुद्रितशोधनाला लागणाऱ्या एकाग्रतेसाठी राखलेले असतील, तर तो नियम कामाच्या बाजूचा. केवळ सवयीचा असेल, तर तो माणसाच्या बाजूचा. आणि माणसाच्या बाजूचा असणे हा काही अपराध नाही. काम करणाऱ्यालाही शरीर आहे, घर आहे, आजारी आईवडील असतात. या गोष्टींसाठी त्याने वेळ राखावा आणि तसे स्पष्ट सांगावे. फक्त त्याने हे दोन वर्ग एकत्र कालवू नयेत, कारण कालवले की दुहेरी नुकसान होते: ग्राहक आवडीनिवडीला कामाची गरज समजून उगाच वाकतो, किंवा कामाच्या गरजेला लहर समजून ती मोडायला लावतो. गोदोहनाचे उदाहरण ग्राहकाच्या बाजूनेही तितकेच बोलके आहे. ग्राहकाच्या खास इच्छेसाठी भांडे बदलता येते, आणि बदलावेही. पाणी आणणे मात्र टळत नाही.

या कसोटीचे अत्यंत जिवंत उदाहरण छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात, दहाव्या आणि अकराव्या खंडांत, उषस्ति चाक्रायणाच्या कथेत आले आहे. पिके नष्ट झालेल्या कुरुदेशात उषस्ति आपली पत्नी आटिकी हिच्यासह इभ्यग्रामात दैन्याने राहात होता. तेथे कुल्माष, म्हणजे हलक्या धान्याच्या घुगऱ्या, खात बसलेल्या एका माणसाकडे त्याने भिक्षा मागितली. पानात वाढलेल्या एवढ्याच आहेत, दुसऱ्या नाहीत, असे तो म्हणाला. उषस्तीने त्यातल्याच मागून घेतल्या. मग त्या माणसाने पाणीही पुढे केले, तेव्हा उषस्तीने ते उष्टे म्हणून नाकारले. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या काय, असा अगदी स्वाभाविक प्रश्न देणाऱ्याने विचारला. उषस्तीचे उत्तर असे होते की त्या खाल्ल्या नसत्या तर आपण जगलो नसतो, पाणी मात्र हवे तेथे मिळण्यासारखे आहे. नियम कोठे सैल होतो आणि कोठे होत नाही, आणि का, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले. आपण उष्टे न खाणाऱ्यांपैकी आहोत, अशी ओळख मात्र सांगितली नाही. नियमामागचा हेतू त्याला ठाऊक होता म्हणूनच त्याला अपवादाची मर्यादाही ठाऊक होती. ज्याला हेतू माहीत नसतो तो एकतर नियम कोठेच सोडत नाही, किंवा एकदा सोडला की सगळीकडे सोडतो.

उरलेल्या घुगऱ्या त्याने पत्नीसाठी नेल्या. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, म्हणून तिने त्या राखून ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शिळ्या घुगऱ्या खाऊन उषस्ति राजाच्या यज्ञाला गेला. तेथे सामगान करणारे तिघे आपापल्या भागाची देवता न जाणता गाण्याच्या तयारीत होते. देवता न जाणता गाल तर मस्तक गळून पडेल, असे त्याने एकेकाला बजावले, आणि तिघेही थांबून गप्प बसले. तेव्हा यजमान राजाने त्याची ओळख विचारली आणि नाव ऐकून सांगितले की सर्व ऋत्विजकर्मांसाठी आपण त्याचाच शोध केला होता, तो न मिळाल्यामुळे इतरांना वरले. आता सर्व काम त्यानेच पाहावे. भुकेल्या माणसापुढे एवढी संधी उभी असताना उषस्तीने जे मागितले ते मुळातून पाहावे असे आहे. आधी निवडलेल्या ऋत्विजांनीच आपल्या अनुज्ञेने गावे, आणि त्यांना जेवढे धन दिले जाईल तेवढेच आपल्याला द्यावे, एवढीच त्याची अट होती. त्याने कोणाला काढून टाकले नाही, कमी मोबदला घेऊन कोणाचे काम हिरावले नाही, आणि ज्ञानाच्या जोरावर जास्तही मागितले नाही. नंतर त्या तिघांनी त्याला विचारले तेव्हा त्याने त्यांना देवता शिकवल्या: प्राण, आदित्य आणि शेवटी अन्न. उपाशीपोटी दिवस काढलेल्या माणसाच्या तोंडून अन्नाला देवता म्हटले जाते, या ठिकाणी उपनिषद क्षणभर फार जवळचे वाटते.

ही अट म्हणजे कार्यपद्धतीचे निवेदनच होय, आणि ते एकाच वेळी ग्राहकाला आणि सहकाऱ्यांना उद्देशून केलेले आहे. ते ऐकताना उषस्तीचा स्वभाव कसा होता, तो तापट होता की शांत, हे काहीच कळत नाही; कळते ते एवढेच की त्याच्या उपस्थितीत काम कसे होईल आणि कोणाचे काय बिघडणार नाही.

सहकाऱ्यांच्या संबंधाविषयी यज्ञपरंपरेत आणखी एक विधी आहे, तो थोडक्यात नोंदवावा. सोमयागात तानूनप्त्र नावाचे कर्म असते; पात्रात घेतलेल्या तुपाला यजमान आणि ऋत्विज मिळून स्पर्श करतात आणि परस्परांशी द्रोह न करण्याचे बंधन घेतात. ऐतरेय ब्राह्मणात त्याचे मूळ देवांच्या आपसातल्या अविश्वासात सांगितले आहे: आपल्या फुटीचा फायदा असुर घेतील या भीतीने देवांनी आपापली प्रिय शरीरे वरुण राजाच्या घरी ठेव म्हणून ठेवली, आणि जो करार मोडील त्याला आपली ठेव परत मिळू नये असे ठरवले. देवांनासुद्धा एकमेकांच्या चांगल्या स्वभावावर विसंबावेसे वाटले नाही, हे ब्राह्मणकारांनी किती सहजपणे मान्य केले आहे.

येथवरच्या दाखल्यांना एक मोठी मर्यादा आहे आणि ती झाकून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. श्रौत यज्ञाचा अधिकार समाजातील थोड्यांनाच होता, आणि वरणाची जी परस्परता आश्वलायनाच्या सूत्रात दिसते ती प्रत्यक्ष गावगाड्यात बहुतेकांच्या वाट्याला आलीच नाही. महाराष्ट्रातील ग्रामजोशाची वृत्ती वंशपरंपरागत होती. यजमान जोशाला निवडत नसे आणि जोशी यजमानाला निवडत नसे. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही एकोणिसाव्या शतकात हा हक्क वतन म्हणून मानला, आणि यजमानाने दुसऱ्याच्या हातून विधी करवला तरी वतनदार जोशाला आपली दक्षिणा मागता येत असे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्यानंतर भटजोशावाचून विवाह लावण्याची जी प्रथा सुरू झाली, तिच्यावर जोशांनी दावे लावले, ते याच हक्काच्या आधाराने. सत्यशोधकांची मागणी धार्मिक सुधारणेची होती. तितकीच ती यजमानाच्या निवडीच्या हक्काचीही होती. जेथे निवड नाही तेथे पद्धत सांगण्याला अर्थ नसतो, कारण ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची सोय नसते. आजही ज्या कर्मचाऱ्याला कामाची गरज अनिवार आहे, त्याच्यापुढे वरिष्ठाने आपल्या कार्यशैलीची पत्रिका वाचून दाखवली, तर ती व्रत उरत नाही, नुसता हुकूम होते. हा मुद्दा व्यवस्थापनाच्या चर्चेत फार हलक्या हाताने घेतला जातो.

बौद्ध परंपरेची वाट येथे निराळी होते, कारण तिला ज्याचे निवेदन करावे असा स्थिर 'मी' मान्य नाही. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या सतत बदलणाऱ्या पाच स्कंधांचा, म्हणजे समुच्चयांचा, प्रवाह म्हणजेच व्यक्ती, असे ती मानते. तरीही एकत्र काम करण्याची पद्धत तिथेही सांगावी लागतेच. मज्झिमनिकायातील चूळगोसिंगसुत्तात बुद्ध गोसिंग शालवनात राहणाऱ्या अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन भिक्षूंना भेटतात आणि ते एकमेकांशी कसे राहतात असे विचारतात. अनुरुद्धाचे उत्तर घरकामाच्या बारीकसारीक तपशिलांनी भरलेले आहे: भिक्षेहून जो आधी परततो तो आसने मांडतो, पिण्याचे आणि पाय धुण्याचे पाणी ठेवतो, जो शेवटी येतो तो उरलेले अन्न हवे असल्यास खातो, आसने आवरतो, जागा झाडतो, पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसेल तो भरतो, एकट्याला उचलत नसेल तर हाताने खुणावून दुसऱ्याला बोलावतो, त्यासाठी मौन मोडत नाही, आणि दर पाचव्या रात्री तिघे मिळून रात्रभर धर्मचर्चा करतात. या पद्धतीत कोणाचेही नाव नाही. 'जो आधी येईल तो' आणि 'ज्याला दिसेल तो' एवढेच कर्ते आहेत. अनुरुद्ध असेही सांगतो की तो आपले मन बाजूला ठेवून या आयुष्मानांच्या मनाप्रमाणे वागतो, आणि बाकीचे दोघे तेच शब्द स्वतःविषयी उच्चारतात. बुद्धांनी या तिघांची प्रशंसा केली.

विनयपिटकातील महावग्गाच्या चौथ्या खंधकाचा, म्हणजे प्रकरणाचा, आरंभ मात्र याच्याशी ताडून पाहिला पाहिजे. कोसल देशात काही भिक्षूंनी वर्षावासाच्या आरंभी विचार केला की भांडणतंटा न होता हे तीन महिने कसे जातील, आणि त्यांनी जी व्यवस्था ठरवली ती तपशिलात अनुरुद्धाच्या व्यवस्थेसारखीच आहे: आधी येणाऱ्याने आसने मांडणे, शेवटी येणाऱ्याने झाडणे, रिकामा घडा दिसेल त्याने भरणे, गरज पडली तर हाताने खुणावणे. फरक एकच होता, की त्यांनी तीन महिने एकमेकांशी अजिबात न बोलण्याचे ठरवले. वर्षावास संपल्यावर ते मोठ्या समाधानाने बुद्धांकडे गेले, आणि बुद्धांनी त्यांना कठोर शब्दांत दोष दिला. असे राहणे म्हणजे पशूंनी एकत्र राहणे आहे, असे ते म्हणाले. घडा तोच, आसने तीच. पण एका ठिकाणी पाचव्या रात्रीची चर्चा होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती नव्हती.

मौन स्वतः दोषी नाही, हे छांदोग्याच्या चौथ्या अध्यायातील ब्रह्म्याच्या वर्णनावरूनही दिसते. तोही यज्ञात गप्प बसतो, पण मनाने सर्व कर्माच्या मागे राहण्यासाठी आणि चूक झाली तर तिचे प्रायश्चित्त करण्यासाठी. कोसलातील भिक्षूंनी मौन पत्करले ते आपसात भांडणतंटा होऊ नये म्हणून, आणि पद्धत जितकी चोख तितके ते सोपे गेले. कार्यपद्धतीची कित्येक लेखी निवेदने याच इच्छेतून जन्मतात. सर्व काही आधीच लिहून ठेवले की पुढे बोलणे नको, या अपेक्षेने ती लिहिलेली असतात.

या प्रसंगानंतर बुद्धांनी जो विधी घालून दिला तो पवारणा. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्षूने संघापुढे हात जोडून विनंती करायची, की माझ्याविषयी जे पाहिले, ऐकले किंवा ज्याची शंका आली ते कृपा करून सांगा, मला दोष दिसला तर मी तो सुधारीन. ही विनंती तीनदा करायची असते आणि तिची सुरुवात ज्येष्ठ भिक्षूने करायची असते, नवदीक्षिताने नव्हे. स्वतःची पद्धत सांगणाऱ्याला स्वतःविषयी जे कधीच कळणार नाही ते इतरांकडे असते, हे या विधीचे गृहीतक आहे. पण ते इतरांकडे असते तेही तीन महिने एका छपराखाली काढल्यामुळे. एका पुस्तकापुरत्या किंवा एका घराच्या बांधकामापुरत्या आलेल्या ग्राहकाला तेवढा काळ मिळत नाही, आणि तीन महिने एकत्र काढलेल्या कनिष्ठ सहकाऱ्याला विचारण्याची रीत नाही. निवेदनाच्या मसुद्यांत 'माझी पद्धत अशी आहे' याला दोन पाने मिळतात, पाहिलेल्या, ऐकलेल्या आणि शंका आलेल्या गोष्टी सांगायला एक ओळही राखलेली क्वचितच आढळते. आणि जेथे ती असते तेथेही अभिप्राय ग्राहकाकडून कामाविषयी मागवला जातो, ज्याच्या नावावर काम चालते त्याच्याविषयी त्याच्या हाताखालच्या माणसाकडून मागवला जात नाही.